रायोलाइट (नेव्हाडा)

रायोलाइट हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्याच्या नाय काउंटीमधील एक ओसाड खाणनगर आहे. लास व्हेगास शहराच्या वायव्येस सुमारे १९० किमी. अंतरावर, मृत्युदरी राष्ट्रीय उद्यानाच्या (डेथ व्हॅली) पूर्व सीमेलगत, बुलफ्रॉग टेकड्यांच्या कुशीत ते वसलेले होते. १९०५ च्या आरंभी दोन माणसांच्या तळापासून त्याची सुरुवात झाली. दोन-तीन वर्षांतच तेथे काही हजार लोकांची वस्ती, तीन लोहमार्ग, बँका, शाळा, रुग्णालय, वीज आणि दूरध्वनी आले, आणि पुढील दहा वर्षांच्या आत ते जवळजवळ संपूर्ण रिकामे झाले. १९२० च्या जनगणनेत येथे केवळ १४ रहिवासी आढळले. आज हे गाव पश्चिम अमेरिकेतील सर्वाधिक छायाचित्रे घेतली जाणाऱ्या ओसाड गावांपैकी एक मानले जाते.

नाव

गावाला तेथील खडकाचे नाव मिळाले आहे. रायोलाइट हा सिलिकाचे प्रमाण अधिक असलेल्या शिलारसापासून बनलेला, बहुधा फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक होय. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसॉल्टने व्यापला आहे, त्याच्या तुलनेत रायोलाइटचा शिलारस अधिक चिकट असतो आणि तो दूरवर वाहत नाही. हा खडक महाराष्ट्राला अगदीच परका नाही. मुंबईच्या उत्तरेस उत्तन-डोंगरीच्या किनारी भागात तो आढळतो. बुलफ्रॉग टेकड्यांमध्ये या खडकातील भेगांत गारगोटीच्या शिरा तयार झाल्या आणि त्या शिरांत सोने साठले.

भौगोलिक स्थान

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,१६० मी. उंचीवर आहे. तीन बाजूंनी उघड्या-बोडक्या टेकड्या आणि दक्षिणेकडे अमार्गोसा वाळवंटाचा सपाट प्रदेश अशी त्याची रचना आहे. पाऊस अत्यल्प, वर्षाला साधारण १५ सेंमी. इतकाच पडतो. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील रात्री गोठणबिंदूखाली उतरतात. गावात नदी नाही, वाहता ओढाही नाही. सर्वांत जवळचे वसलेले गाव बीटी हे असून ते पूर्वेस सहा-सात किमी. अंतरावर, अमार्गोसा नदीच्या काठी आहे. ही नदी वर्षातील बराच काळ जमिनीखालूनच वाहते. तरीही बीटी टिकले आणि रायोलाइट टिकले नाही, यात पाण्याचा वाटा मोठा आहे.

या प्रदेशात गोरे खनिजशोधक येण्यापूर्वीपासून शोशोन लोकांचा वावर होता. झरे कोठे आहेत, कोणत्या ऋतूत कोणती वाट धरावी, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

इतिहास

सोन्याचा शोध

१८५९ मध्ये कॉमस्टॉक येथे सापडलेल्या चांदीमुळे नेव्हाडाची भरभराट झाली होती. परंतु १८८० नंतर त्या खाणी मंदावल्या आणि राज्याची लोकसंख्या घटत गेली. १९०० मध्ये टोनोपा येथे चांदी आणि १९०२ मध्ये गोल्डफील्ड येथे सोने सापडल्यावर चित्र पालटले. शेकडो खनिजशोधक गाढवांवर सामान लादून दक्षिणेकडील वाळवंटात फिरू लागले.

फ्रँक हॅरिस आणि अर्नेस्ट क्रॉस हे दोघे त्यांपैकीच होत. बुटक्या अंगलटीमुळे हॅरिस ‘शॉर्टी’ या नावाने ओळखला जाई. ९ ऑगस्ट १९०४ रोजी या दोघांना एका टेकडीच्या दक्षिण उतारावर हिरवट गारगोटीत सोन्याचे ठिपके दिसले. त्या हिरव्या, ठिपकेदार दगडावरून बेडकाची आठवण होऊन जागेला ‘बुलफ्रॉग’ असे नाव पडले, असे सांगितले जाते. नमुन्यांचा कस लावला असता टनामागे ३,००० डॉलरपर्यंत मोल निघाले. ही बातमी गोल्डफील्डला पोहोचताच लोकांची रीघ लागली आणि थोड्याच काळात परिसरात दोन हजारांहून अधिक खाणपट्ट्यांवर हक्क सांगितला गेला.

शोध लावणाऱ्यांना मात्र त्याचा सारखा लाभ झाला नाही. हॅरिसने आपला हिस्सा फार लवकर आणि फार स्वस्तात विकला. क्रॉसने थांबून अधिक रक्कम मिळवली. हॅरिस पुढे आयुष्यभर वाळवंटात सोने शोधत हिंडला. १९३४ मध्ये तो वारला आणि मृत्युदरीतच त्याचे दफन झाले.

वसाहतीची वाढ

आरंभी बुलफ्रॉग टेकड्यांत अनेक तळ एकाच वेळी उभे राहिले आणि त्यांच्यात चुरस सुरू झाली. जवळच्याच बुलफ्रॉग या गावाशी झालेल्या स्पर्धेत रायोलाइट सरस ठरले. जानेवारी १९०५ मध्ये केवळ दोन माणसांचा तळ असलेल्या या जागी दोन आठवड्यांत १,२०० माणसे जमली आणि जूनपर्यंत त्यांची संख्या २,५०० झाली. त्या वेळी गावात ५० मद्यगृहे, जुगाराची ३५ टेबले, १९ निवासगृहे, १६ खाणावळी आणि ‘रायोलाइट हेरल्ड’ नावाचे साप्ताहिक होते. सुमारे ९५ किमी. वरील गोल्डफील्डहून रोज चार घोडागाड्या येत.

पहिली अडचण पाण्याची होती. सुरुवातीला पाणी पिंपांतून गाडीवर लादून आणावे लागे व ते विकत घ्यावे लागे. नंतर दूरच्या झऱ्यांवरून नळ टाकण्यात आले. लाकूडही परिसरात मिळत नसल्यामुळे आरंभीची बहुतेक घरे कापडी तंबूंची होती.

माँटगोमेरी शोशोन खाण

परिसरातील सर्वांत मोठी खाण माँटगोमेरी शोशोन ही होय. बॉब माँटगोमेरी या खनिजशोधकाने तिच्यावर हक्क नोंदवला. त्याला ती जागा एका शोशोन माणसाने दाखवली, अशी हकीकत प्रचलित आहे. खाणीचे जोडनाव त्यावरूनच आले आहे.

१९०६ मध्ये पोलाद उद्योगातील बडे भांडवलदार चार्ल्स श्वाब यांनी ही खाण विकत घेतली. व्यवहाराची रक्कम वेगवेगळ्या बातम्यांत २० लाखांपासून ६० लाख डॉलरपर्यंत दिलेली आढळते. श्वाब यांच्या नावामुळे पूर्वेकडील गुंतवणूकदारांचा विश्वास बसला. त्यांनी नळ, विजेच्या तारा आणि रेल्वे वाहतूक यांतही पैसा घातला. १९०७ मध्ये दिवसाला सुमारे ३०० टन धातुक हाताळू शकणारा कारखाना सुरू झाला. तेथे धातुकाचा भुगा करून सायनाइडच्या टाक्यांतून सोने वेगळे केले जाई.

उत्कर्षकाळ

१४ डिसेंबर १९०६ रोजी ‘लास व्हेगास अँड टोनोपा’ रेल्वेची पहिली गाडी रायोलाइटला आली. पुढील वर्षी ‘बुलफ्रॉग गोल्डफील्ड’ आणि ‘टोनोपा अँड टाइडवॉटर’ या रेल्वेही गावाला जोडल्या गेल्या. रेल्वेमुळे सिमेंट, लोखंड आणि लाकूड आणणे सोपे झाले. तंबूंची जागा दगडी व काँक्रीटच्या इमारतींनी घेतली. १९०७ पर्यंत गावात विजेचे दिवे, दूरध्वनी, रुग्णालय, नाट्यगृह आणि समभागांचा बाजार अशा सोयी झाल्या होत्या. शाळेच्या पटावर सुमारे २५० मुले होती.

उत्कर्षकाळातील लोकसंख्येचे अंदाज बहुधा ३,५०० ते ५,००० च्या दरम्यान आहेत. खाणगावांत माणसे सतत येत-जात असल्यामुळे नेमका आकडा देणे शक्य होत नाही.

ऱ्हासाची कारणे

रायोलाइटच्या ऱ्हासाचे कारण ‘सोने संपले’ एवढ्या दोन शब्दांत सांगितले जाते. प्रत्यक्षात तीन कारणे एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण भूशास्त्रीय होते. पृष्ठभागाजवळचे धातुक अतिशय कसदार होते. परंतु ते लहान लहान साठ्यांत होते. खोल जावे तसा कस उतरत गेला. पहिल्या नमुन्यांवरून बांधलेले अंदाज संपूर्ण डोंगराला लागू पडले नाहीत.

दुसरे कारण आर्थिक होते. गावात येणारा बराचसा पैसा खाणीतून निघालेला नव्हता, तो समभाग विकून आलेला होता. एप्रिल १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. नेव्हाडाच्या खाणींना लागणारे भांडवल व माल मोठ्या प्रमाणात त्याच शहरातून येत असल्याने त्याची झळ येथे पोहोचली. त्यानंतर १९०७ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या बँकांवर संकट कोसळले आणि नवे भांडवल मिळणे बंद झाले. ज्या लहान खाणी अजून सोने काढू लागल्या नव्हत्या, केवळ खोदकाम करत होत्या, त्या प्रथम बंद पडल्या.

तिसरे कारण विश्वासाचे होते. माँटगोमेरी शोशोन खाणीने पहिल्या तीन वर्षांत दहा लाख डॉलरहून अधिक किमतीचे सोने-चांदी दिले, तरी तिच्या समभागाचा भाव २३ डॉलरवरून ३ डॉलरच्या खाली आला. १९०८ च्या आरंभी अल्पसंख्य भागधारकांच्या एका समितीने, खाणीचे मूल्य फुगवलेले असावे या शंकेने, एका ब्रिटिश खाण अभियंत्याकडून स्वतंत्र पाहणी करविली. अहवाल प्रतिकूल आला आणि समभाग ७५ सेंटपर्यंत घसरला. १९१० मध्ये बहुतेक काळ खाण तोट्यात चालली. १४ मार्च १९११ रोजी ती बंद झाली, तेव्हा समभागाची किंमत चार सेंटवर आली होती.

निर्जनीकरण

गाव रिकामे होण्याचा क्रम असा आहे :

• १९१० : मार्चपर्यंत गावातील तिन्ही बँका बंद. त्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या ६७५.
• १९११ : माँटगोमेरी शोशोन खाण व कारखाना बंद.
• १९१२ : जूनमध्ये शेवटचे वृत्तपत्र ‘रायोलाइट हेरल्ड’ बंद.
• १९१३ : नोव्हेंबरमध्ये टपाल कार्यालय बंद.
• १९१४ : जुलैमध्ये शेवटची रेल्वेगाडी सुटली.
• १९१६ : वीज कंपनीने पुरवठा तोडून तारा काढून नेल्या.
• १९२० : जनगणनेत १४ रहिवासी.

१९२२ मध्ये मोटारीने आलेल्या एका वृत्तपत्रीय सहलीला येथे एकच रहिवासी भेटला. तो ९२ वर्षांचा होता. १९२४ मध्ये त्याचे निधन झाले.

येथील इमारती केवळ ऊन-वाऱ्याने पडल्या नाहीत. वाळवंटात तुळई, दार, पत्रा यांना मोल होते. लोकांनी जाताना जे नेता येईल ते नेले आणि नंतरही शेजारच्या गावांनी येथील सामान उचलले. खाणकामगार संघाचे सभागृह जसेच्या तसे बीटीला हलवून तेथे नगरभवन म्हणून वापरण्यात आले, आणि बीटीच्या शाळेसाठीही येथील इमारतींचे भाग वापरले गेले. आज रायोलाइटमध्ये उभे असलेले अवशेष मुख्यतः काँक्रीटचे व दगडाचे आहेत, ते यामुळेच.

प्रमुख अवशेष

कुक बँक : गोल्डन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरील ही तीन मजली इमारत १९०८ मध्ये पूर्ण झाली. तिला ९०,००० डॉलरहून अधिक खर्च आला. इटालियन संगमरवर आणि रंगीत काचेच्या खिडक्या ही तिची वैशिष्ट्ये होती. दोन वर्षांतच बँक बंद पडली. आता छप्पर, मजले व खिडक्या नाहीत; समोरची भिंत आणि रिकाम्या चौकटी उरल्या आहेत. रायोलाइटचे म्हणून प्रसिद्ध असलेले छायाचित्र बहुधा याच इमारतीचे असते.

शाळा : तंबू व लाकडी खोल्यांत भरणाऱ्या शाळेसाठी सुमारे २०,००० डॉलर खर्चून नवी काँक्रीटची इमारत बांधण्यात आली. १९०९ च्या आरंभी ती तयार झाली. पण तोपर्यंत कुटुंबे गाव सोडू लागली होती. जेवढ्या मुलांसाठी ती बांधली, तेवढी मुले तिच्या वर्गांत कधीच बसली नाहीत. तिच्या बाह्य भिंतींचा काही भाग आज शिल्लक आहे. गावाच्या भवितव्याविषयी रहिवाशांना किती खात्री वाटत होती, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणता येईल.

रेल्वे स्थानक : ‘लास व्हेगास अँड टोनोपा’ रेल्वेचे स्थानक स्पॅनिश मिशन शैलीत बांधलेले असून ते गावातील सर्वांत सुस्थितीतील इमारतींपैकी आहे. रेल्वे गेल्यानंतर १९३० च्या दशकात तेथे जुगारगृह व मद्यगृह चालत असे. सध्या त्याला कुंपण आहे.

बाटल्यांचे घर : टॉम केली या वृद्ध रहिवाशाने १९०५-०६ मध्ये हे घर बांधले. लाकूड दुर्मिळ आणि महाग होते, रिकाम्या बाटल्या मात्र मद्यगृहांच्या मागे ढिगांनी पडलेल्या असत. त्याने साधारण ५०,००० बाटल्या, बहुतांश बिअरच्या, आडव्या रचून मातीच्या गाऱ्यात बसवल्या. घर पूर्ण होण्यास साडेपाच महिने लागले. केली स्वतः त्यात राहिला नाही. त्याने तिकिटे विकून सोडत काढली आणि घर विजेत्याला दिले. हे घर आजही उभे आहे.

याशिवाय काँक्रीटचा तुरुंग, काही दुकानांच्या भिंती आणि गावाच्या दक्षिणेस बुलफ्रॉग-रायोलाइट दफनभूमी पाहता येते.

चित्रपट आणि कला

१९२५ मध्ये पॅरामाउंट कंपनीने ‘द एअर मेल’ या मूकपटाचे चित्रीकरण येथे केले आणि त्यासाठी बाटल्यांच्या घराची दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीमुळे घराचे आयुष्य वाढले. ‘द आयलंड’ (२००५) या चित्रपटातही हे गाव दिसते.

गावाच्या वाटेवर गोल्डवेल खुले संग्रहालय आहे. बेल्जियन कलावंत अल्बर्ट शुकाल्स्की यांनी १९८४ मध्ये येथे येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग शिल्परूपात उभा केला. जिवंत माणसांच्या अंगावर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड पांघरून, ते कडक झाल्यावर माणूस बाहेर काढण्याच्या पद्धतीने ही शिल्पे तयार केली आहेत. त्यामुळे आकृती आहेत, पण आत देह नाही. नंतर इतर बेल्जियन कलावंतांच्या कलाकृतींची भर पडली. त्यांत शॉर्टी हॅरिसच्या स्मरणार्थ केलेले खनिजशोधकाचे शिल्प असून त्याच्यासोबत एक पेंग्विन दाखवला आहे.

नंतरचे खाणकाम

१९८९ मध्ये रायोलाइटच्या लगत आधुनिक बुलफ्रॉग खाण सुरू झाली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. उघड्या खाणीत प्रचंड प्रमाणावर खडक फोडून त्यातील अत्यल्प सोनेही वेगळे करण्याचे तंत्र तेव्हा उपलब्ध होते. या खाणीने काढलेले सोने जुन्या सर्व खाणींच्या एकत्रित उत्पादनापेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. म्हणजे १९११ मध्ये डोंगरातील सोने संपले नव्हते. त्या काळच्या यंत्रांना व खर्चाला परवडेल असे सोने संपले होते. आधुनिक खाणीमुळे मात्र नवे गाव वसले नाही. यांत्रिकीकरणामुळे मोजकी माणसे पुरत आणि ती मोटारीने बीटीहून ये-जा करू शकत. तिचा मोठा खड्डा आणि सपाट माथ्याचे ढिगारे गावाजवळ दिसतात.

जतन

गावाचा बराचसा भाग केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यात असून काही जमिनी खाजगी आहेत. बाटल्यांच्या घराची दुरुस्ती २००५ मध्ये पुन्हा करण्यात आली. मोठ्या इमारतींची पुनर्बांधणी मात्र केलेली नाही. पडझड रोखणे व कुंपण घालणे एवढ्यावरच भर आहे. पूर्ण पुनर्बांधणी केली तर मूळ अवशेष कोणता आणि नवे बांधकाम कोणते, हे पुढील पिढ्यांना ओळखता येणार नाही. उलट काहीच केले नाही, तर कुक बँकेसारख्या आधारहीन भिंती एखाद्या वादळात कोसळू शकतात. अशा गावांच्या जतनातील मुख्य पेच हाच आहे.

शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू केंद्र सरकारच्या जमिनीवरून विनापरवाना उचलणे हा १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. फुटकी बाटली, गंजलेला डबा किंवा खिळा यांसारख्या किरकोळ वस्तूही त्या जागेवरच असतील, तर तेथे घर होते की दुकान हे अभ्यासकाला सांगू शकतात. उचलून नेल्यावर त्यांचा तो अर्थ नाहीसा होतो.

भेट देणाऱ्यांसाठी माहिती

लास व्हेगासहून महामार्ग क्र. ९५ ने बीटीपर्यंत सुमारे दोन तासांचा प्रवास आहे. तेथून राज्य मार्ग क्र. ३७४ ने मृत्युदरीच्या दिशेने थोडे अंतर गेल्यावर उजवीकडे गावाचा फाटा लागतो. गावापर्यंत पक्का रस्ता आहे. प्रवेशशुल्क नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ अनुकूल असतो. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी गेल्यास ऊन सौम्य असते आणि भिंतींवरील तिरप्या प्रकाशात बांधकामाचे बारकावे नीट दिसतात.

गावात दुकान, उपाहारगृह किंवा इंधन मिळत नाही. पाणी व इंधन बीटी येथेच घ्यावे लागते. उन्हाळ्यात जायचेच असल्यास प्रत्येक माणसामागे अनेक लिटर पाणी जवळ हवे. शेजारच्या मृत्युदरीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आहे, यावरून या प्रदेशाच्या उष्णतेची कल्पना यावी.

सर्वांत मोठा धोका जुन्या खाणींचा आहे. टेकड्यांवर अनेक बोगदे व विहिरीसारखे उभे खड्डे आहेत. बोगद्यातील लाकडी टेकू शतकभरात कुजलेले असतात. जमिनीवर टाकलेल्या फळ्यांखाली खोल खड्डा असू शकतो. आतील हवेत प्राणवायू कमी असल्यास माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. उभ्या खड्ड्याच्या कडेची माती ढासळती असल्याने नुसते वाकून पाहणेही धोक्याचे ठरते. त्यामुळे कोणत्याही खाणीत शिरू नये. मोडक्या भिंतींवर चढणे किंवा कुंपण ओलांडणे टाळावे. परिसरात खुळखुळ्या साप आढळतो. उबदार दिवसांत दगडांच्या सावलीत हात घालू नये. गावातील पायवाटा मोकळ्या असून मुख्य अवशेष दोन-तीन तासांत पायी पाहून होतात.